कपाशीचा करपा आणि प्रथिनातली दोन अक्षरे

पावसाळ्यात झड लागून राहिली, चार-सहा दिवस ऊन पडले नाही, की जळगाव-धुळ्याच्या काळ्या रानातल्या कपाशीवर एक ओळखीचा डाग उमटतो. आधी पानाच्या खालच्या अंगाला पाणी मुरल्यासारखा ठिपका दिसतो; पान उजेडापुढे धरले तर तेवढाच भाग अर्धपारदर्शक वाटतो. मग तो वरच्या अंगाला येतो, तपकिरी होतो आणि काळवंडतो. हा ठिपका गोल नसतो, कोनाकोनांचा असतो, कारण पानाच्या बारीक शिरा त्याला पुढे सरकू देत नाहीत. रोग वाढला की मुख्य शिरेच्या कडेने काळा पट्टा उतरतो, फांद्या काळ्या पडतात, पात्या गळतात आणि कैरी आतून सडते. कृषी विभागाच्या पत्रकांत याला जिवाणूजन्य करपा म्हणतात, जुन्या पुस्तकांत ब्लॅक आर्म. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ॲटकिन्सन यांनी या रोगाचे वर्णन केले. पुढे तो करणारा जिवाणू ओळखला गेला. आज त्याचे नाव झँथोमोनास सिट्री आणि त्यातला कपाशीवर जगणारा प्रकार माल्व्हेसिएरम. सरकीबरोबर तो पुढच्या हंगामात जातो, पावसाच्या शिंतोड्यांतून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडतो, पर्णरंध्रांतून किंवा जखमेतून आत शिरतो, हे सगळे फार पूर्वीच कळले होते. आत शिरल्यावर कपाशीच्या कोणत्या जनुकाला हात घालून तो हा रोग घडवतो, याचे नेमके उत्तर मात्र २०१७ पर्यंत हाती लागले नव्हते. ते लागले त्यात संगणकावर केलेल्या भाकिताचा मोठा वाटा होता.

हे भाकीत कसे केले, ते कुठे खरे ठरले आणि कुठे अडले, हे या प्रकरणात पाहू. मला त्यातून एकच मुद्दा सिद्ध करायचा आहे. रोगकारक जिवाणूच्या प्रथिनाचे कार्य संगणकावर वर्तवता येते. पण त्या भाकिताची किंमत ते किती आत्मविश्वासाने सांगितले यावर ठरत नाही. ते खोटे ठरवता येईल इतके नेमके आहे का, यावर ठरते. ‘हे रोगाशी संबंधित प्रथिन असावे’ असे विधान कधीच खोटे ठरत नाही, म्हणून ते फारसे उपयोगाचेही नसते. ‘हे प्रथिन कपाशीच्या अमुक जनुकासमोरच्या अमुक अक्षरांवर बसेल आणि ते जनुक जागे करेल’ हे विधान उद्या पानावर तपासता येते. जैवमाहितीशास्त्राची खरी कर्तबगारी पहिल्या प्रकारच्या विधानाकडून दुसऱ्या प्रकारच्या विधानाकडे जाण्यात आहे.

आधी अडचण समजून घेऊ. झँथोमोनास जिवाणूचा जनुकसंच साधारण ५० लाख अक्षरांचा असतो आणि त्यात चार हजारांहून अधिक प्रथिनांचे आराखडे असतात. अक्षरे वाचणे आता स्वस्त झाले आहे. आराखडा वाचला म्हणून प्रथिनाचे काम मात्र कळत नाही. १९९७ मध्ये ई. कोलाय या जगातल्या सर्वांत अभ्यासलेल्या जिवाणूचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातल्या ४,२८८ प्रथिनजनुकांपैकी ३८ टक्क्यांचे कार्य सांगता आले नव्हते. ज्याच्यावर अनेक दशके हजारो प्रयोगशाळा खपल्या त्याची ही कथा, तर कपाशीच्या करप्याची काय असेल? प्रत्येक प्रथिन वेगळे काढून, जनुक तोडून, रोप टोचून पाहायचे म्हटले तर एका प्रयोगशाळेचे आयुष्य पुरणार नाही. म्हणून कोणते चार-पाच धागे ओढायचे हे आधी ठरवावे लागते. संगणकाची गरज इथे लागते.

सगळ्यांत जुनी आणि अजूनही सर्वांत जास्त वापरली जाणारी रीत म्हणजे साधर्म्य शोधणे. तिचे तर्कशास्त्र धुळ्याला परके नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाने १९२७ मध्ये धुळ्यात संशोधन मंडळ उभे राहिले. तिथे जतन होणाऱ्या जुन्या हस्तलिखितांच्या अभ्यासात एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती शेजारी ठेवून ओळ ओळीशी ताडून पाहण्याची शिस्त असते. ज्या ओळी सगळ्या प्रतींत जशाच्या तशा टिकल्या त्या मूळ संहितेच्या गाभ्यातल्या. जिथे पाठ बदलले तिथे नकलणाऱ्याचा हात, काळ किंवा प्रदेश दिसतो. प्रथिनांची अक्षरे वीस, आणि नकलणारी आहे उत्क्रांती. निरनिराळ्या जिवाणूंमधली एकाच कुळातली प्रथिने एकाखाली एक मांडली की काही अक्षरे लाखो वर्षांत हललेली नाहीत असे दिसते. ती बदलली की प्रथिन निकामी होत असणार, म्हणून ती टिकली. १९९० मध्ये आलेली ब्लास्ट ही प्रणाली असे साधर्म्य काही क्षणांत शोधून देते. अनोळखी प्रथिनाची अक्षरे टाकायची, जगभरच्या भांडारातली त्याची भावकी समोर येते आणि त्या भावकीतल्या कुणाचे काम माहीत असेल तर तेच काम या नव्या प्रथिनाला लावले जाते.

ही रीत पुष्कळदा बरोबर निघते, म्हणूनच ती टिकली. पण तिच्यात एक खोट आहे आणि तिचे पुरावेही आहेत. २००९ मध्ये श्नोस आणि सहकाऱ्यांनी ३७ विकरकुळांच्या नोंदी मोठ्या सार्वजनिक भांडारांत तपासल्या. माणसांनी एकेक नोंद पाहून केलेल्या स्विस-प्रॉट या भांडारात चुका जवळजवळ नव्हत्या. जिथे संगणकाने साधर्म्यावरून आपोआप नावे दिली होती, तिथे मात्र काही कुळांत ८० टक्क्यांहून अधिक नोंदी चुकीच्या निघाल्या. एका प्रथिनाला चुकीचे नाव मिळाले की त्याच्याशी जुळणाऱ्या दुसऱ्याला तेच मिळते, दुसऱ्यावरून तिसऱ्याला. आणि दहा ठिकाणी तेच नाव दिसले की वाचणाऱ्याला दहा साक्षीदार सापडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात साक्षीदार एकच असतो, किंवा एकही नसतो. म्हणून एखाद्या प्रथिनापुढे ‘रोगकारकतेशी संबंधित’ असे छापलेले दिसले तर पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की हे कुणी करून पाहिले आहे की कुणावरून उतरवले आहे?

कपाशीच्या जिवाणूत हा प्रश्न फार धारदार होतो. तिथले सर्वांत महत्त्वाचे प्रथिनकुळ असे आहे की साधर्म्याची रीत त्याच्यापुढे पूर्ण हतबल ठरते. या कुळाला टेल प्रथिने म्हणतात. झँथोमोनास आपल्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म नळीतून ही प्रथिने थेट झाडाच्या पेशीत सोडतो. त्यांच्या मधल्या भागात ३४ अमिनो आम्लांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, कधी दहा-बारा वेळा, कधी वीसहून अधिक. ढोबळी मिरचीवरच्या जिवाणूतले एव्हीआर-बीएस-३ हे या कुळातले पहिले प्रथिन १९८९ मध्ये जर्मन संशोधक उल्ला बोनास आणि सहकाऱ्यांनी वेगळे केले. त्यात असे साडेसतरा तुकडे होते. पुढे कपाशीवरच्या, भातावरच्या, लिंबूवर्गीय झाडांवरच्या झँथोमोनासमध्येही असलीच प्रथिने सापडली. अक्षरे ताडून पाहिली तर ती ९० टक्क्यांहून अधिक एकसारखी. साधर्म्याच्या न्यायाने या सगळ्यांचे काम एकच असायला हवे होते. पण १९९२ मध्ये बोनास यांच्या गटाने तुकडे काढून पाहिले, तर कोणत्या मिरचीवर काय परिणाम होतो हेच बदलले. १९९४ मध्ये फ्लोरिडातल्या गॅब्रिएल यांच्या गटाने दाखवले की कपाशीवर पाणी मुरल्यासारखे डाग पडायचे की लिंबाच्या पानावर खैऱ्याचे फोड यायचे, हे या तुकड्यांच्या रांगेवर ठरते. कपाशीतल्या त्या प्रथिनाचे नाव एव्हीआर-बी-६. म्हणजे जवळजवळ सगळी अक्षरे सारखी असूनही काम वेगळे होते आणि कामाचे गमक उरलेल्या मोजक्या फरकांत दडले होते.

तो फरक कुठे आहे हे तुकडे एकाखाली एक मांडले की डोळ्यांना दिसते. ३४ अक्षरांपैकी बहुतेक जागा प्रत्येक तुकड्यात तशाच राहतात. बाराव्या आणि तेराव्या जागेवरची दोन अक्षरे तेवढी बदलत जातात. कधी तिथे हिस्टिडिन आणि ॲस्पार्टिक आम्ल, म्हणजे एचडी. कधी एनजी, कधी एनआय, कधी एनएन. ही प्रथिने पेशीच्या केंद्रकात जातात आणि झाडाच्या डीएनएवर बसून जनुके जागी करतात, हे तोवर कळले होते. मग प्रत्येक तुकडा डीएनएचे एक अक्षर तर वाचत नसेल? डिसेंबर २००९ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात या प्रश्नाची दोन उत्तरे एकाच वेळी आली. जर्मनीतल्या हाल्ले इथल्या बोख, बोनास आणि सहकाऱ्यांनी ज्या जागेवर एव्हीआर-बीएस-३ बसते ती आधीच माहीत असलेली जागा घेऊन प्रयोगांनी संकेत सोडवला. अमेरिकेतल्या आयोवा राज्य विद्यापीठात मॉस्कू आणि बोग्दानोव्ह यांनी तोच संकेत मुख्यतः संगणकावर सोडवला. ज्या टेल प्रथिनांनी जागी होणारी जनुके माहीत होती अशा जोड्या त्यांनी घेतल्या, प्रथिनातल्या अक्षरजोड्यांची रांग त्या जनुकांसमोरच्या डीएनएवर सरकवत नेली आणि कोणत्या ठिकाणी जुळणी योगायोगाच्या पलीकडची आहे हे मोजले. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या: एचडी म्हणजे सी, एनजी म्हणजे टी, एनआय म्हणजे ए, एनएन म्हणजे जी किंवा ए, आणि या रांगेच्या अगोदर बहुधा एक टी. एखाद्या प्रथिनात एनआय, एचडी, एनजी, एनएन अशा जोड्या ओळीने आल्या तर ते डीएनएवर ए, सी, टी, जी हा क्रम शोधत जाते. २०१२ मध्ये अशा प्रथिनाची डीएनएला विळखा घातलेली स्फटिकरचना प्रसिद्ध झाली आणि तेरावे अक्षर डीएनएच्या अक्षराशी थेट भिडते, बारावे त्याला जागेवर धरून ठेवते, हेही दिसले.

साधर्म्याने प्रथिनाचे कूळ सांगितले होते. संकेताने त्याचे काम सांगितले. पण संकेत हाती आला म्हणून कपाशीतले लक्ष्य लगेच सापडत नाही, आणि का सापडत नाही हे साध्या हिशेबाने कळते. बारा तुकड्यांचे प्रथिन बारा अक्षरांचा क्रम वाचते. चार अक्षरांतून बारा जागा भरण्याचे प्रकार १ कोटी ६७ लाख. आज आपल्याकडे पेरल्या जाणाऱ्या अमेरिकन कपाशीचा जनुकसंच सुमारे अडीच अब्ज अक्षरांचा. भागाकार केला तर असा कोणताही क्रम डीएनएच्या एकाच धाग्यावर निव्वळ योगायोगाने दीडशेच्या घरात सापडणार. तुकडे अठरा असतील तर प्रकार ६,८७१ कोटी होतात आणि तंतोतंत योगायोग दुर्मीळ ठरतो. पण एनएन ही जोडी दोन अक्षरांवर समाधान मानते आणि एखाददुसरी चूक हे प्रथिन चालवून घेते, त्यामुळे यादी पुन्हा लांबते. संगणक इथे प्रामाणिकपणे एवढेच म्हणू शकतो, की यांपैकी कुठेतरी. म्हणून दोन चाळण्या लावाव्या लागतात. पहिली जागेची: जुळणी जनुकाच्या सुरुवातीच्या थोडी अलीकडे, जिथून ते जागे होते तिथे हवी. दुसरी वागणुकीची: जिवाणू टोचल्यावर ते जनुक खरोखर जास्त बोलू लागले पाहिजे, आणि ज्या जिवाणूतून ते टेल प्रथिन काढून टाकले आहे तो टोचला तर गप्प राहिले पाहिजे.

टेक्सस ए अँड एम विद्यापीठातल्या गटाने इतर संस्थांच्या साथीने २०१७ मध्ये नेमके हेच केले आणि ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध केले. पानातल्या जनुकांची हालचाल एकीकडे मोजली, एव्हीआर-बी-६ ची संभाव्य बैठक दुसरीकडे संकेतावरून वर्तवली आणि दोन्ही याद्या जिथे मिळाल्या तिथे बोट ठेवले. ते जनुक होते जीएच-स्वीट-१०. स्वीट हे साखर पेशीबाहेर नेणाऱ्या प्रथिनांचे घराणे. २०१० मध्ये ते ओळखले गेले होते आणि भातावरच्या झँथोमोनासचा डोळा याच घराण्यावर असतो हेही ठाऊक होते. कपाशीतले हे प्रथिन सुक्रोज वाहून नेते. जिवाणू पेशींच्या मधल्या फटीत राहतो; तो झाडाच्याच जनुकाला जागे करून साखर बाहेर काढवतो. भाकीत इतके नेमके होते की त्याची उलटतपासणी करता आली. या गटाने स्वीट-१० ला जागे करण्यासाठीच बेतलेले कृत्रिम टेल प्रथिन बनवले आणि एव्हीआर-बी-६ गमावलेल्या दुबळ्या जिवाणूला दिले. त्याची रोग करण्याची ताकद परत आली. उलट झाडातले स्वीट-१० दाबून टाकले तर रोग घटला. संगणकाचे म्हणणे चुकीचे असते तर या दोन्ही प्रयोगांत ते उघडे पडले असते.

खरा धडा मात्र पुढच्या निष्कर्षात आहे. बी-६ हे प्रतिकाराचे जनुक असलेला कपाशीचा वाण या जिवाणूपुढे टिकून राहतो. साधा अंदाज असा, की त्या वाणात स्वीट-१० समोरची अक्षरे बदललेली असतील, म्हणून प्रथिनाला बसायला जागा नसेल. भातात प्रतिकाराचे असे प्रकार सापडलेही होते. पण कपाशीत अक्षरे तपासली तर बैठक जशीच्या तशी निघाली. संगणकाला विचारले तर दोन्ही वाण सारखेच रोगट ठरतील. झाडाने मात्र वेगळे उत्तर दिले: बी-६ वाणात स्वीट-१० फारसे जागे होत नाही. याचा अर्थ रोग रोखण्याची अशी काही युक्ती तिथे आहे जी बैठकीच्या अक्षरांत लिहिलेली नाही. भाकीत ढोबळ असते तर ही विसंगती दिसलीच नसती. भाकीत नेमके होते म्हणूनच ते कुठे पुरत नाही हे बोट ठेवून दाखवता आले.

यावर आज सर्वांत जोरात घेतला जाणारा आक्षेप असा, की हे सगळे आता जुने झाले. अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीने प्रथिनाच्या अक्षरांवरून त्याची त्रिमितीय रचना वर्तवण्याचा प्रश्न सोडवला, जुलै २०२२ मध्ये वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या वर्तवलेल्या रचना सर्वांना खुल्या झाल्या आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल याच क्षेत्राला मिळाले; मग कार्य तर रचनेवरूनच कळेल. या साधनाचे मोल मी कमी लेखत नाही. अक्षरांत अजिबात साम्य नसलेली दोन प्रथिने घडीने सारखी आहेत हे त्यावरून दिसते, आणि रोगकारक प्रथिने भराभर बदलत असल्यामुळे अक्षरांची ओळख पुसलेली असताना घडीची ओळख फार कामी येते. पण टेल प्रथिनांचेच उदाहरण घ्या. एव्हीआर-बी-६ ची घडी आणि भातावरच्या त्याच्या भावंडाची घडी सारखीच निघेल, कारण तुकडे तेच आहेत. एक कपाशीचे जनुक जागे करते, दुसरे भाताचे, हा फरक घडीत नाही. तो बाराव्या-तेराव्या अक्षरांत आणि समोरच्या झाडाच्या डीएनएत आहे. रोगकारक प्रथिनाचे कार्य एकट्या प्रथिनात कधीच पूर्ण नसते. ते यजमानाशी भेट झाल्यावरच पूर्ण होते, आणि भाकीतही दोघांना धरूनच करावे लागते.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा: टेल प्रथिनांना संकेत मिळाला हे नशीब, इतर प्रथिनांना असा संकेत नसतो, मग एका भाग्यवान उदाहरणावरून नियम कसा काढणार? आक्षेपात तथ्य आहे. साक्रीकडच्या डाळिंबबागांना छळणाऱ्या तेल्या रोगाचा जिवाणू झँथोमोनासच आहे आणि त्याच्या शस्त्रांत झॉप-एन नावाचे प्रथिन आहे. त्याच्या अक्षरांत लक्ष्य वाचून देणारा कोणताही संकेत नाही. साधर्म्यावरून ते झाडाच्या संरक्षणात अडथळा आणत असावे असे म्हणता येत होते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी ते जनुक मोडलेला जिवाणू बनवून डाळिंबाच्या पानात सोडला आणि २०१३ मध्ये दाखवले की त्याची पानातली वाढ घटते आणि पेशीभित्तिकेजवळची संरक्षणाची तयारी वाढते. इथे संगणकाचा वाटा लहान आहे, तो कबूल करावा. पण नियम तोच राहतो. ‘संरक्षणात अडथळा’ या ढोबळ भाकितातून ‘जनुक मोडले तर पानात जिवाणू कमी वाढेल’ हे तपासता येणारे विधान काढले, म्हणून काम पुढे गेले. भाकिताची धार प्रथिनागणिक कमी-जास्त असेल. धार लावण्याची जबाबदारी मात्र प्रत्येक वेळी तीच.

तिसरा मुद्दा आक्षेपाचा कमी आणि इशाऱ्याचा जास्त आहे. भाकीत ज्या अक्षरांवर उभे आहे ती अक्षरेच चुकीची असू शकतात. जनुकसंच वाचण्याची स्वस्त पद्धत डीएनएचे शंभर-दीडशे अक्षरांचे बारीक तुकडे वाचते आणि संगणक ते सांधतो. टेल प्रथिनाचा एकेक तुकडा डीएनएत १०२ अक्षरांचा, आणि शेजारचा जवळजवळ हुबेहूब तसाच. सांधणाऱ्या प्रणालीला हे दहा तुकडे आहेत की चौदा हे उमगत नाही. ती बरेचसे एकावर एक रचून टाकते. मग प्रथिन आखूड दिसते, अक्षरजोड्यांची रांग चुकते आणि संकेत कितीही बरोबर असला तरी लक्ष्य चुकीचे निघते. यासाठी एका दमात हजारो अक्षरे वाचणारी लांब पल्ल्याची पद्धतच वापरावी लागते. बारीक तुकड्यांवर उभारलेल्या अपुऱ्या जनुकसंचातून टेल प्रथिनांचे भाकीत करणारा निबंध हाती आला, तर निष्कर्ष वाचण्याआधी वाचनाची पद्धत वाचावी.

शेवटचा आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. खानदेशात कापूस बुडतो तो प्रामुख्याने गुलाबी बोंडअळीने, लहरी पावसाने आणि भावाने; करप्यासाठी दहा लिटर पाण्यात २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि एक ग्रॅम स्ट्रेप्टोसायक्लिनची फवारणी ठरलेली आहे; मग दोन अक्षरांचे हे कवतिक कशाला? करपा हा कपाशीचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू आहे असा दावा मी करत नाही. पण त्या एक ग्रॅममध्ये काय आहे ते पाहू. स्ट्रेप्टोसायक्लिन म्हणजे ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि १० टक्के टेट्रासायक्लिन; पहिले क्षयरोगावरचे औषध. शेतात प्रतिजैविक फवारणे म्हणजे जिवाणूंना प्रतिकार शिकवणे, आणि तो प्रतिकार शेताच्या बांधावर थांबेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतला या दोन्ही औषधांचा वापर थांबवण्याचा मसुदा आदेश काढला, तो याच काळजीपोटी. फवारणीचा हा आधार काढून घेतला तर उरतो तो वाणातला प्रतिकार. अमेरिकेत अनेक वर्षे दबून राहिलेला हा रोग २०११ पासून पुन्हा उसळला, म्हणजे जुना शत्रू गेला असे धरून चालणेही धोक्याचे. टेक्ससच्या गटाने शेतांतून गोळा केलेले जिवाणू तपासले तेव्हा स्वीट-१० खेरीज त्याच घराण्यातली इतर जनुकेही काही जिवाणू वापरत असावेत असे दिसले. एकच दार बंद करणारा वाण म्हणून पुरा पडणार नाही. कोणत्या प्रदेशातला जिवाणू कोणते दार वापरतो हे आधी माहीत हवे.

इथे खानदेशाचा स्वतःचा प्रश्न सुरू होतो, कारण तिथल्या जिवाणूचे उत्तर टेक्ससच्या जिवाणूवरून उतरवून घेणे हीच ती साधर्म्याची चूक होईल. असे काम मोठ्या शहरांतल्या मोठ्या संस्थांनीच करायचे असते, ही समजूत ब्राझीलने २००० साली मोडली. संत्र्याच्या झाडांवरच्या झायलेला या जिवाणूचा जनुकसंच साओ पाउलो राज्यातल्या तीसहून अधिक प्रयोगशाळांनी काम वाटून घेऊन वाचला. वनस्पतींवर रोग करणाऱ्या जिवाणूंपैकी जगात पूर्ण वाचला गेलेला तो पहिला. ज्या भागाचे पीक धोक्यात होते त्याच भागाने ते काम उचलले होते. जळगावात १९९० पासून विद्यापीठ आहे आणि आज ते बहिणाबाईंचे नाव धारण करते. धुळ्यात कृषी महाविद्यालय आहे. अक्षरांची भांडारे, साधर्म्य शोधणाऱ्या प्रणाली, टेल लक्ष्ये वर्तवणारी साधने हे सगळे विनामूल्य खुले आहे. लांब पल्ल्याचे वाचन पैसे देऊन बाहेरून करून घेता येते. बाहेरून विकत घेता येत नाही ते पान, आणि त्या पानातला इथला जिवाणू.

आणखी एक गोष्ट खानदेशाच्या हाताशी आहे. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाल्यानंतर शेतातला जवळजवळ सगळा कापूस अमेरिकन जातीच्या संकरित वाणांचा झाला, आणि ही जात करप्याला बळी पडणारी. विरनारसारखे देशी वाण एकेकाळी इथे पेरले जात. देशी कपाशीची जात या रोगाला बहुतांशी दाद देत नाही. सुदानमध्ये करप्याविरुद्धची प्रतिकार जनुके एकेक करून ओळखणारे आर. एल. नाइट यांना बी-६ मिळाले तेही याच देशी जातीतून, गॉसिपियम आर्बोरियममधून. म्हणजे संगणकाचे भाकीत ज्या ठिकाणी अडले, त्या ठिकाणचे कोडे मुळात देशी कपाशीने घातलेले आहे. ते सोडवायचे तर पुढची पावले स्पष्ट आहेत: जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या शेतांतून जिवाणू गोळा करावेत, त्यांची टेल प्रथिने लांब वाचनाने नीट वाचावीत, प्रत्येकाची बैठक अमेरिकन आणि देशी अशा दोन्ही कपाशींच्या जनुकसंचांवर वर्तवावी आणि मग दोन्ही झाडांत ती जनुके जागी होतात की नाही हे मोजावे. देशी कपाशीत बैठकच नसेल तर प्रतिकाराचे कारण साधे निघेल आणि ते संकरात आणणे सोपे जाईल. बैठक असूनही जनुक गप्प राहिले, तर बी-६ च्या मागची युक्ती तिथेच शोधावी लागेल. आणि इथल्या जिवाणूने स्वीट घराण्याला हातच लावलेला नाही असे निघाले, तर टेक्ससवरून बांधलेला अंदाज खानदेशापुरता रद्द होईल. तिन्ही शक्यता आधीच लिहून ठेवता येतात आणि तिन्हींचा निकाल एका हंगामाच्या रोपांवर लावता येतो. संगणकाकडून एवढेच मागावे, आणि एवढे मिळाले तर ते पुष्कळ आहे.